उडता कॅमेरा

(उंचावरून जग पाहण्याची माणसाची हौस फार जुनी आहे. फुगा, पतंग, कबुतर अशा साधनांनी सुरू झालेला हा प्रवास आज ड्रोनपर्यंत येऊन पोहोचला आहे. परदेशी जाणारे कितीतरी प्रवासी आता आपल्या सामानात ड्रोन घेऊन जातात. ड्रोन कसा उडतो, त्याचा उपयोग काय आणि परक्या देशात तो उडवण्यापूर्वी कोणता विचार करावा, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुम्ही पतंग नक्कीच उडवला असेल. मांजा हातात, मान वर आणि पतंग दूर आभाळात! अशा वेळी तुमच्या मनात कधी आले आहे का, की या पतंगाला डोळे असते तर त्याला काय काय दिसले असते? आपली शाळा, आपली गल्ली, गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणि गच्चीवर उभे असलेले आपण स्वतः, हे सगळे त्याला एकदम दिसले असते.

हाच विचार फ्रान्समधील आर्थर बात्यू यांच्या मनात आला. १८८८ साली त्यांनी पतंगाला कॅमेरा बांधला. पतंग उंच गेल्यावर कॅमेऱ्याची कळ दाबणार कोण? त्यांनी एक युक्ती केली. कॅमेऱ्याला हळूहळू जळणारी वात जोडली. वात जळत ठरावीक जागी आली की कळ आपोआप सुटे आणि छायाचित्र निघे.

त्याही आधी, १८५८ साली, नादार या नावाने प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसजवळ फुग्यात बसून आकाशातून छायाचित्र घेतले होते. ते छायाचित्र आज उपलब्ध नाही. पण १८६० साली जेम्स वॉलेस ब्लॅक यांनी अमेरिकेतील बॉस्टन शहराचे फुग्यातून घेतलेले छायाचित्र मात्र आजही पाहायला मिळते. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांपैकी शिल्लक राहिलेले हे सर्वांत जुने छायाचित्र होय.

पुढे जर्मनीत युलियुस नॉयब्रोनर नावाचे एक औषधविक्रेते होते. औषधे पाठवण्यासाठी ते कबुतरांचा उपयोग करीत. त्यांनी कबुतराच्या छातीवर बांधता येईल असा चिमुकला कॅमेरा तयार केला. १९०८ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. कबुतर घराकडे उडत निघे आणि वाटेत कॅमेरा ठरावीक वेळाने आपोआप छायाचित्र घेई.

१९०६ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात मोठा भूकंप झाला. त्यानंतर आगी लागल्या आणि शहराचा बराच भाग बेचिराख झाला. काही आठवड्यांनी जॉर्ज लॉरेन्स यांनी एकापाठोपाठ एक बांधलेल्या पतंगांच्या माळेवर अवजड कॅमेरा चढवला. सुमारे २००० फुटांवरून त्यांनी त्या उद्ध्वस्त शहराचे छायाचित्र घेतले. संकट केवढे मोठे होते, हे लोकांना त्या एका छायाचित्रावरून समजले.

आता फुगा नको, कबुतर नको, पतंगही नको. हातात मावेल एवढे एक यंत्र हे काम करते. त्याचे नाव ड्रोन. ड्रोन म्हणजे चालक आत न बसता उडणारे वाहन. चालक जमिनीवर उभा राहून ते चालवतो. २०१३ नंतर कॅमेरा वाहून नेणारे लहान ड्रोन सामान्य लोकांच्या आवाक्यात आले आणि ते प्रवाशांच्या पाठपिशवीत जाऊन बसले.

प्रवाशांच्या लहान ड्रोनला बहुधा चार पंखे असतात. हे चारही पंखे एकाच दिशेने फिरत नाहीत. दोन पंखे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि दोन उलट दिशेने. असे का बरे? चारही एकाच दिशेने फिरले, तर ड्रोन स्वतःभोवती भोवऱ्यासारखा उलटा गरगरू लागेल. दोन-दोन उलट दिशांनी फिरल्यामुळे हा परिणाम नाहीसा होतो आणि ड्रोन स्थिर राहतो. चारही पंख्यांचा वेग वाढवला की तो वर जातो. मागच्या दोन पंख्यांचा वेग वाढवला की तो पुढे झुकतो आणि पुढे सरकतो.

ड्रोनच्या पोटात आणखी काही साधने असतात. आपण किती कललो आहोत हे एक साधन सांगते. हवेचा दाब मोजून उंची किती आहे हे दुसरे साधन सांगते. उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून त्याला आपली जागा कळते. चालकाशी असलेला संपर्क तुटला, तर जेथून उड्डाण केले त्या जागी परत येण्याची सोय अनेक ड्रोनमध्ये असते. कॅमेरा फिरत्या चौकटीत बसवलेला असतो. त्यामुळे वाऱ्याने ड्रोन डोलला तरी चित्र हलत नाही.

चांगले छायाचित्र घेण्यासाठी मात्र माणसाची बुद्धीच लागते. भर दुपारी सावल्या आखूड असतात. वरून पाहिले तर डोंगर आणि दऱ्या सपाट दिसतात. सकाळी आणि संध्याकाळी सावल्या लांब पडतात. तेव्हा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. उंचीचाही विचार करावा लागतो. कॅमेरा सरळ खाली रोखून उंची दुप्पट केली, तर छायाचित्रात दिसणारी जमीन चौपट होते. कारण तिची लांबीही दुप्पट होते आणि रुंदीही. पण त्याबरोबर माणसे, झाडे, घरे लहान होत जातात. म्हणून फार उंच जाणे म्हणजे फार चांगले छायाचित्र असे नव्हे.

वाऱ्याचे भानही ठेवावे लागते. बहुतेक लहान ड्रोन एका बॅटरीवर सुमारे अर्धा तास उडतात. जाताना वारा पाठीशी असेल तर ड्रोन झपाट्याने दूर जातो. पण येताना तोच वारा समोरून येतो आणि बॅटरी लवकर संपते. म्हणून जाणकार चालक आधी वाऱ्याच्या विरुद्ध जातो व येताना वाऱ्याची मदत घेतो.

या उडत्या कॅमेऱ्याने माणसाच्या ज्ञानात भर घातली आहे. जॉर्डन देशात पेट्रा नावाचे प्राचीन नगर आहे. नबाती लोकांनी तेथे गुलाबी खडकात भव्य वास्तू कोरल्या. दरवर्षी लाखो लोक हे नगर पाहायला जातात. त्याच पेट्रामध्ये २०१६ साली संशोधकांनी एका प्रचंड चौथऱ्याचा शोध जाहीर केला. तो सुमारे ५६ मीटर लांब आणि ४९ मीटर रुंद आहे. माणसे त्याच्या आसपास किती तरी वर्षे वावरत होती, पण त्याचा आकार कोणाच्या लक्षात आला नव्हता. उपग्रहांची चित्रे आणि ड्रोनची छायाचित्रे यांच्या मदतीने तो उमगला. २०२१ साली आइसलँडमध्ये ज्वालामुखीचा उद्रेक झाला. जेथे माणूस जाऊच शकत नाही, अशा धगधगत्या मुखावरून ड्रोन उडाले आणि जगाने ते दृश्य घरबसल्या पाहिले.

येथपर्यंत वाचून तुम्हांला वाटेल, की ड्रोन घ्यावा, परदेशी जावे आणि वाटेल तेथे उडवावा! आकाशाला कुठे कुंपण असते? पण मुलांनो, कुंपण दिसत नाही म्हणून आकाश बेवारस असते असे नाही. त्याच आकाशात विमाने उडतात, पक्षी उडतात. त्याच आकाशाखाली लोकांची घरे असतात.

२०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, समुद्रकाठच्या बोल्सा चिका या राखीव पाणथळ जागी काय घडले ते पाहा. तेथे वाळूच्या एका बेटावर सुरय जातीच्या हजारो समुद्रपक्ष्यांनी अंडी घातली होती. त्या जागी ड्रोन उडवण्यास मनाई होती. तरीही कोणीतरी ड्रोन उडवला आणि तो त्या बेटावर कोसळला. पक्ष्यांना वाटले, हा कोणी शिकारी पक्षीच आपल्यावर झडप घालत आहे. सगळा थवा घाबरून उडाला. ते पक्षी परत आले नाहीत. दीड हजाराहून अधिक अंडी वाळूवर तशीच पडून राहिली. त्यांतून एकही पिल्लू बाहेर आले नाही. ड्रोन उडवणाऱ्याने एकाही पक्ष्याला दगड मारला नव्हता. पण पक्ष्यांची एक पिढी मात्र नष्ट झाली.

अमेरिकेतच यलोस्टोन नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे ग्रँड प्रिझमॅटिक नावाचा गरम पाण्याचा विशाल झरा आहे. त्याच्या काठांवर पिवळे, नारिंगी आणि तांबूस रंग दिसतात. हे रंग उष्ण पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे येतात. तेथील राष्ट्रीय उद्यानांत ड्रोन उडवण्यास जून २०१४ मध्ये बंदी घालण्यात आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, परदेशातून आलेल्या एका पर्यटकाचा ड्रोन या झऱ्यात पडला. न्यायालयाने त्याला दंड आणि भरपाई मिळून ३००० डॉलरहून अधिक रक्कम भरायला लावली.

डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या बातम्या आल्या. धावपट्टी बंद करावी लागली. सुमारे १००० विमानफेऱ्यांवर परिणाम झाला आणि सुमारे १,४०,००० प्रवासी अडकून पडले. नाताळच्या सुट्टीत घरी निघालेली कुटुंबे विमानतळावर ताटकळत राहिली. विमान वेगाने धावत असते. अशा वेळी लहानशा ड्रोनची धडकही घातक ठरू शकते. म्हणून विमानतळाच्या जवळपास परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही, हा नियम जवळजवळ सर्वत्र आहे.

आता घरांचा विचार करू. मोरोक्को देशातील फेस शहराच्या जुन्या भागात अरुंद गल्ल्या आहेत. गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंना उंच, कोऱ्या भिंती दिसतात. घराचे सगळे सौंदर्य आत असते. मध्ये चौक, त्यात कारंजे, भोवती खोल्या. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही असाच चौक असे. घरातील बायका, मुले, वडीलधारी माणसे तेथे आणि गच्चीवर मोकळेपणाने बसतात. ती उंच भिंत म्हणजे त्या घराचा पडदा आहे. रस्त्याने जाणारा माणूस त्या भिंतीपलीकडे डोकावत नाही. मग आपला कॅमेरा त्या भिंतीवरून आत कसा डोकावेल? प्रवाशाला ते एक सुंदर दृश्य वाटते. पण त्या घरातल्या माणसांना कोणी विचारले आहे का?

याच कारणांनी, आणि देशाच्या सुरक्षिततेसाठीही, अनेक देशांनी कडक नियम केले आहेत. मोरोक्कोने २०१५ साली परवानगीशिवाय ड्रोन देशात आणण्यास बंदी घातली. इजिप्तने २०१७ साली ड्रोनसाठी वेगळा कायदा केला आणि परवानगी नसल्यास तुरुंगवासाची शिक्षा ठेवली. २०१९ साली ऑस्ट्रेलियातून निघालेल्या एका प्रवासी जोडप्याला इराणमध्ये परवान्याशिवाय ड्रोन उडवल्यावरून अटक झाली. जग पाहायला निघालेल्या त्या दोघांना सुमारे तीन महिने तुरुंगात काढावे लागले.

सगळीकडे बंदीच आहे असे मात्र नाही. युरोपीय संघाच्या देशांत २०२० च्या अखेरीपासून समान नियम लागू झाले. साधारणपणे १२० मीटरहून उंच जायचे नाही, ड्रोन आपल्या नजरेच्या टप्प्यात ठेवायचा आणि लोकांच्या गर्दीवरून न्यायचा नाही. कॅमेरा असलेल्या ड्रोनच्या चालकाने आपली नोंदणी करायची. अनेक देशांत २५० ग्रॅमहून हलक्या ड्रोनला काही सवलती आहेत. पण जपानने जून २०२२ पासून ही मर्यादा १०० ग्रॅमवर आणली. म्हणजे एका देशात चालणारी गोष्ट दुसऱ्या देशात चालेलच, असे नाही. नियम बदलतही असतात. म्हणून निघण्यापूर्वी त्या देशाच्या विमान वाहतूक विभागाचे ताजे नियम पाहावेत आणि परवानगी लेखी घ्यावी.

विमानात ड्रोन नेतानाही काळजी घ्यावी लागते. ड्रोनच्या लिथियम बॅटऱ्या क्वचित पेट घेतात. म्हणून सुट्या बॅटऱ्या मोठ्या सामानात न ठेवता जवळच्या पिशवीत ठेवाव्या लागतात. सामान्यतः १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी नेता येते. ही क्षमता काढणे सोपे आहे. व्होल्ट गुणिले अँपियर-तास म्हणजे वॉट-तास. १२ व्होल्टची आणि ४ अँपियर-तासांची बॅटरी असेल, तर १२ × ४ = ४८ वॉट-तास. बॅटरीची टोके चिकटपट्टीने झाकली म्हणजे धातूच्या वस्तूचा स्पर्श होऊन ठिणगी पडत नाही.

आपल्या देशाचे नियमही ठाऊक हवेत. भारतात २०२१ साली ड्रोन नियम आले. त्यांत नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग ठरवले आहेत. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये भारत सरकारने परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करण्यावर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा या कामांपुरती त्यात सूट ठेवली. त्यामुळे परदेशात दुकानात ड्रोन स्वस्त दिसला आणि भाऊ-बहिणीसाठी भेट म्हणून घेतला, तर तो आपल्या विमानतळावर सीमाशुल्क अधिकारी अडवू शकतात. येथूनच ड्रोन घेऊन जाणाऱ्याने त्याच्या खरेदीची पावती जवळ ठेवावी आणि निघताना सीमाशुल्क विभागाकडे नोंद करून तसा दाखला घ्यावा. परत येताना तो उपयोगी पडतो.

मुलांनो, परक्या देशात आपण पाहुणे असतो. पाहुणा घरात आला म्हणजे यजमान त्याला बैठकीत बसवतो, चहा देतो, घर दाखवतो. पण पाहुण्याने न विचारता आतल्या खोलीचे दार उघडले, तर यजमानाला काय वाटेल? ड्रोन हे असेच दार उघडणारे यंत्र आहे. विचारून दार उघडले, तर पेट्रातल्या चौथऱ्यासारखे नवे ज्ञान हाती येते. न विचारता उघडले, तर वाळूवर अंडी तशीच पडून राहतात.

उद्या तुमच्यापैकी कोणी छायाचित्रकार होईल, कोणी संशोधक होईल, कोणी देशोदेशी प्रवास करील. तेव्हा ड्रोन हवेत सोडण्यापूर्वी एकदा वर पाहा, एकदा खाली पाहा आणि जेथे उभे आहात तेथल्या माणसांना विचारा. परवानगी मिळाली नाही, तर ड्रोन पिशवीतच राहू द्या. जवळची टेकडी चढा. तेथूनही गाव दिसते, आणि ते पाहायला कोणाची मनाई नसते.

शब्दार्थ

हौस – आवड, शौक
बेचिराख – जळून उद्ध्वस्त झालेले
आवाका – पोहोच, कुवत
भोवरा – लट्टू
उंचवटा – उंच जागा
चौथरा – चबुतरा
उद्रेक – स्फोट, जोराने बाहेर पडणे
बेवारस – ज्याला मालक नाही असे
पाणथळ – जेथे पाणी साचून राहते अशी जागा
थवा – पक्ष्यांचा समूह
यजमान – घरचा मालक, मेजबान
सीमाशुल्क – देशात येणाऱ्या किंवा देशाबाहेर जाणाऱ्या मालावरील कर

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आर्थर बात्यू यांनी कॅमेरा कशाला बांधला?
(आ) आकाशातून घेतलेले, आज शिल्लक असलेले सर्वांत जुने छायाचित्र कोणत्या शहराचे आहे?
(इ) पेट्रा हे प्राचीन नगर कोणत्या देशात आहे?
(ई) जपानने ड्रोनच्या वजनाची मर्यादा किती ग्रॅमवर आणली?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) ड्रोनचे चारही पंखे एकाच दिशेने फिरत नाहीत.
(आ) जाणकार चालक ड्रोन आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने नेतो.
(इ) बोल्सा चिका येथील पक्षी अंडी सोडून उडून गेले.
(ई) फेस शहरातील घरांच्या बाहेरच्या भिंती म्हणजे घराचा पडदा आहे, असे लेखात म्हटले आहे.

प्र. ३. योग्य जोड्या लावा.
‘अ’ गट : (१) नादार (२) नॉयब्रोनर (३) लॉरेन्स (४) गॅटविक
‘ब’ गट : (क) पतंगांची माळ (ख) विमानतळ (ग) फुगा (घ) कबुतर

प्र. ४. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) परदेशी ड्रोन नेण्यापूर्वी प्रवाशाने कोणकोणती काळजी घ्यावी?
(आ) ‘परक्या देशात आपण पाहुणे असतो.’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ५. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
(अ) भान ठेवणे (आ) भर घालणे (इ) झडप घालणे (ई) ताटकळत राहणे

प्र. ६. भाषाभ्यास.
(अ) मराठीत ‘परवाना’ म्हणजे लेखी परवानगी. उर्दूत ‘परवाना’ या शब्दाचा हुकूमनामा असा अर्थ आहे, तसाच दिव्यावर झेप घेणारा कीटक असाही अर्थ आहे. त्या कीटकाला मराठीत ‘पतंग’ म्हणतात आणि मुले उडवतात त्या कागदी पतंगालाही ‘पतंग’च म्हणतात. ‘पतंग’ शब्दाचे दोन्ही अर्थ दाखवणारी दोन वाक्ये लिहा.
(आ) नजर, हवा, जमीन, कायदा, नकाशा हे शब्द उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधून लिहा.

प्र. ७. गणित करून पाहा.
एका बॅटरीवर ‘१५ व्होल्ट, ५ अँपियर-तास’ असे लिहिले आहे. तिची क्षमता किती वॉट-तास आहे? ती विमानात जवळच्या पिशवीतून नेता येईल का?

उपक्रम : शाळेच्या गच्चीवरून शिक्षकांच्या देखरेखीखाली परिसर पाहा. वरून जसा दिसतो तसा त्याचा नकाशा काढा. त्याच जागी खाली चालत जा आणि वरून न दिसलेल्या पाच गोष्टींची यादी करा.